हॉटस्पॉटवर चालणारी पदवी

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने 2025 च्या पहिल्या तीन महिन्यांत दूरसंचाराविषयी पाहणी केली. तिच्यानुसार देशातल्या 86.3 टक्के कुटुंबांच्या घरात इंटरनेट पोचले आहे. हा आकडा पुढे करून ‘डिजिटल दरी आता बुजली’ असे सांगणारे लोक विद्यापीठांच्या चर्चासत्रांत हमखास भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारावा : या घरांत इंटरनेट आहे म्हणजे नेमके काय आहे? बहुतेक घरांत त्याचे उत्तर एक स्मार्टफोन आणि त्यातले एक सिमकार्ड एवढेच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायच्या हिशेबाने मार्च 2025 अखेर देशात सुमारे 94 कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते. त्यांतले तारेने जोडलेले जेमतेम 4 कोटी. बाकी जवळपास सगळा देश मोबाइलच्या टॉवरवर आहे.

संगणकाचे चित्र याहून वेगळे आहे. सर्वेक्षणाच्या 2017-18 मधल्या 75 व्या फेरीत ग्रामीण भागात शंभरातल्या साधारण चार घरांत आणि शहरी भागात तेवीस घरांत संगणक सापडला होता. घरातले पहिले पदवीधर असलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात शिरलेला पहिला संगणक म्हणजे आपणच आणलेला लॅपटॉप. कुणी शिष्यवृत्तीची थकबाकी एकदम मिळाली तेव्हा घेतला, कुणी आईच्या बचतगटातून कर्ज काढून, कुणी वरच्या वर्गातल्या दादाचा जुना. या लॅपटॉपला स्वतःचे इंटरनेट नसते. तो ते फोनकडून उसने घेतो. फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप जोडायचा आणि डेटा संपायच्या आत काम उरकायचे. आपल्या पिढीचे उच्च शिक्षण असे चालले आहे.

फोनवर इंटरनेट असणे आणि लॅपटॉपवर अभ्यास करता येईल इतके इंटरनेट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकार पहिली गोष्ट मोजते, विद्यापीठ दुसरी गृहीत धरते आणि दोन्हींतला फरक विद्यार्थी स्वतःच्या खिशातून भरून काढतो. हा खर्च कोणत्याही शुल्काच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलतही नाही.

2020 च्या टाळेबंदीत हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाने आपल्या सुमारे 2,500 विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. जवळपास 90 टक्क्यांकडे मोबाइल होता. पण ऑनलाइन तासाला नीट बसता येईल असे सांगणारे फक्त 37 टक्के निघाले. मधला सगळा जमाव फोन हातात असूनही वर्गाबाहेर होता. टाळेबंदी उठली, वर्ग पुन्हा भरू लागले आणि हा प्रश्नही संपला असे सगळ्यांनी ठरवून टाकले. प्रत्यक्षात ऑनलाइन कामाचा बोजा तेव्हापेक्षा वाढला आहे. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी 2022 पासून सुरू झाली, तिचा अर्ज ऑनलाइन. शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवर किंवा राज्याच्या पोर्टलवर. यूजीसीच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतात. प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी, तो अपलोड करणे, मार्गदर्शकांशी बैठक, नोकरीची पहिली मुलाखत, सगळे पडद्यावर.

हे सगळे मोबाइलच्या प्लॅनवर का रखडते, ते समजून घ्यायला हवे. प्रीपेड प्लॅनची रचना रोजच्या कोट्यावर आहे. दिवसाला दीड जीबी मिळतो आणि उरलेला डेटा उद्यासाठी साठत नाही. फोनवर गाणी, रील, क्रिकेट बघणाऱ्याला ही रचना सोयीची आहे. अभ्यास मात्र रोज सारखा डेटा खात नाही. चार दिवस आपण वाचत बसतो, तेव्हा काहीच लागत नाही आणि पाचव्या दिवशी एकाच बैठकीत तीन दिवसांचा कोटा लागतो. त्यात लॅपटॉपला आपला हॉटस्पॉट घरच्या वायफायसारखाच वाटतो. जोडल्या जोडल्या तो विंडोजचे अपडेट उतरवू लागतो, फोटो आणि फायली क्लाउडवर चढवू लागतो. आपण एकही पान उघडण्याआधी अर्धा कोटा गेलेला असतो.

कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. दूरसंचार विभागाने जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँडचा किमान वेग 2 एमबीपीएस ठरवला आहे. म्हणजे उरलेला वेग त्या किमान वेगाच्या तिसाव्या हिश्श्याहून कमी. या वेगाने पाच एमबीची एक पीडीएफ उतरवायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या एखाद्या खंडाचे पन्नास एमबीचे स्कॅन उतरवायचे झाले तर पावणेदोन तास, तेही मध्ये जोडणी तुटली नाही तर. रात्री दहा वाजता कोटा संपलेल्या विद्यार्थ्याकडे व्यवहारात ब्रॉडबँड उरत नाही, पण मोजणीत तो ब्रॉडबँडचा ग्राहकच राहतो.

आता पैशांचा हिशेब. भारतात डेटा स्वस्त आहे हे खरे, आणि त्याचा आपल्याला फायदा झाला हेही खरे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि दर कोसळले. त्यानंतर गावागावांतल्या पोरापोरींनी स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढले, भीमगीते आणि भाषणे लाखो लोकांपर्यंत पोचवली. मुख्य प्रवाहातल्या वर्तमानपत्रांनी ज्या अत्याचारांना आतल्या पानावर चार ओळी दिल्या असत्या, त्यांना फोनच्या पडद्याने वाचा फोडली. हा मजकूरही तुमच्यापैकी बहुतेक जण फोनवरच वाचत असतील. पण हा स्वस्तपणा दोन बाबतींत अपुरा आहे. एक तर तो पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी आहे, लिहिण्यासाठी आणि पाठवण्यासाठी नाही. आणि दुसरे म्हणजे तो आता तितका स्वस्तही राहिलेला नाही. डिसेंबर 2019, मग 2021 च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै 2024 मध्ये कंपन्यांनी दर वाढवले. शेवटच्या वाढीत जिओचा रोज दीड जीबीचा प्लॅन 239 रुपयांवरून 299 वर गेला.

हा प्लॅन 28 दिवसांचा असतो, महिन्याचा नाही. म्हणून वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. 299 गुणिले 13 म्हणजे 3,887 रुपये. हा आकडा लक्षात ठेवा आणि शिष्यवृत्तीच्या आकड्यांशेजारी मांडा. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.सारख्या साध्या पदवीला शिकणाऱ्या आणि वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारा शैक्षणिक भत्ता वर्षाला 3,000 रुपये आहे. म्हणजे पुस्तके, वह्या, बसभाडे सगळे सोडा, संपूर्ण वर्षाचा भत्ता एका सिमकार्डाच्या रिचार्जलाही पुरत नाही. महाराष्ट्रातल्या स्वाधार योजनेत मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला वर्षाला 60,000 रुपये मिळतात : भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. या तिन्हींत इंटरनेटचे नाव नाही. ते निर्वाह भत्त्यातून भागवायचे, म्हणजे त्यातला जवळपास निम्मा भत्ता गेला.

नेट-जेआरएफ नसलेल्या संशोधकाला केंद्रीय विद्यापीठात महिन्याला 8,000 रुपये मिळतात आणि तेही वेळेवर येतील याची खात्री नसते. फेलोशिप चार महिने रखडली की आमच्या वसतिगृहात पहिली काटकसर रिचार्जवर होते. एकाच्या फोनवर तिघे जोडून काम चालते. आमच्यात एक विनोद आहे : ‘नेट’ निघाली, पण नेट संपले.

मग घरी किंवा खोलीवर तारेचे इंटरनेट का घेत नाही, असा सल्ला देणारे असतातच. तार पत्त्यावर येते. तिला भाडेकरार लागतो, घरमालकाची परवानगी लागते, भिंतीला भोक पाडू देणारा मालक लागतो, काही महिन्यांचे आगाऊ पैसे लागतात. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्या शहरांत मुळात खोली मिळवण्यासाठी आपण जी कसरत करतो, त्यानंतर मालकाकडे तारेचा विषय काढायची कुणाची हिंमत होते? अकरा महिन्यांनी खोली बदलायची, तर तार कुठे न्यायची? गावाकडे प्रश्न याच स्वरूपाचा आहे. 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे भारतनेट झालेल्या योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचे होते. पंचायतीचे कार्यालय गावात असते आणि आपली वस्ती गावाबाहेर. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा प्रश्न तंत्रज्ञांच्या भाषेत साधा जोडणीचा असेल, पण ते अंतर कुणी आखले हे वस्तीतल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही.

त्यात मुलींची अडचण आणखी वेगळी. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात असतो. तो घरी येईल तेव्हा हॉटस्पॉट, तो बाहेर गेला की इंटरनेटही गेले. वसतिगृहात गेल्यावर तिथली बंधने. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरायला बंदी होती. फोन हे माझे अभ्यासाचे साधन आहे, असे म्हणून एक विद्यार्थिनी अडून बसली, तिला वसतिगृहातून काढले आणि ती न्यायालयात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. आपल्या प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावावा असा हा निकाल आहे.

तुटक्या जोडणीची सगळ्यात मोठी किंमत पैशांत मोजता येत नाही. ऑनलाइन मुलाखतीत आपला आवाज तुटतो, चेहरा गोठतो, प्रश्न अर्धाच ऐकू येतो, आपण ‘सर, पुन्हा सांगाल का’ असे दोनदा विचारतो. समोरच्या समितीला टॉवर दिसत नाही, अडखळणारा उमेदवार दिसतो. मग शेरा पडतो : आत्मविश्वास कमी आहे, तयारी नाही. दुसऱ्या उमेदवाराच्या मागे पुस्तकांचे कपाट, घरात तारेचे इंटरनेट, वीज गेली तर इन्व्हर्टर. त्याचे वाक्य अखंड पोचते. समाजशास्त्राच्या वर्गात आपण सांस्कृतिक भांडवल हा शब्द शिकतो आणि भाषा, उच्चार, पेहराव ही त्याची उदाहरणे लिहितो. त्या यादीत आता न तुटणारी जोडणीही लिहायला हवी. गुणवत्ता या शब्दाखाली जे लपवले जाते, त्यात या नव्या गोष्टीची भर पडली आहे.

आणखी एक बाब आपल्या चळवळीशी थेट जोडलेली आहे. सरकार इंटरनेट बंद करते तेव्हा बहुतेक वेळा मोबाइल इंटरनेट बंद करते, तारेचे चालू राहते. अत्याचार प्रतिबंधक कायदा सैल करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध 2 एप्रिल 2018 रोजी भारत बंद झाला, तेव्हा पंजाबात मोबाइल इंटरनेट थांबवले गेले. सप्टेंबर 2021 मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रतेची रीट परीक्षा होती, कॉपी रोखण्यासाठी अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद. मणिपूरमध्ये मे 2023 पासून सगळेच बंद झाले. जुलैच्या अखेरीस काही अटींवर तारेचे इंटरनेट सुरू करण्यात आले, त्यातली एक अट वायफाय हॉटस्पॉट चालवता येणार नाही अशी होती, आणि मोबाइल इंटरनेट त्यानंतरही बंद राहिले. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 ते फेब्रुवारी 2021 या काळात फोर-जी नव्हते. ज्याच्या घरी तार आहे त्याचा दिवस अशा वेळी बऱ्यापैकी नेहमीसारखा जातो. ज्याचा लॅपटॉप फोनवर जगतो, त्याचा अर्ज, त्याची बैठक, त्याची अंतिम तारीख एका आदेशाने बुडते. बंदीचा आदेश सर्वांसाठी एकच असतो, पण तो सर्वांवर सारखा पडत नाही. अनुराधा भसीन खटल्यात जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही असे सांगितले. ते पाळले जाते का, हे विचारणे आपलेही काम आहे.

अधिकार कागदावर असणे आणि तो वापरता येणे यातले अंतर आपल्या इतिहासाला नवे नाही. सी. के. बोले यांच्या पुढाकाराने 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे 1924 मध्ये जाहीर केले. तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसांना मिळाले नव्हते. पाणी आणि डेटा यांची बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. पण त्या दिवशी महाडला जमलेल्या लोकांनी ‘आम्हाला वेगळी विहीर खणून द्या’ असे म्हटले नाही. जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे, असे म्हणून ते तळ्यावर गेले. हॉटस्पॉट म्हणजे प्रत्येकाने घरून आणलेला आपापला तांब्या आहे. तो उपयोगी आहे, पण तो आणावा लागतो यावर समाधान मानणे म्हणजे तळ्यावरचा हक्क सोडणे.

सार्वजनिक पैशातून हे होऊ शकते याची उदाहरणे देशात आहेत. तामिळनाडू सरकारने 2011 पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले, आणि ऑनलाइन तास चालू असताना जानेवारी ते एप्रिल 2021 या काळात सुमारे 9.7 लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोज 2 जीबीचे डेटा कार्ड दिले. केरळने जून 2023 मध्ये के-फोन हे स्वतःचे फायबर जाळे सुरू केले. 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि सुरुवात प्रत्येक मतदारसंघातल्या शंभर घरांपासून झाली. वेग संथ आहे, पण इंटरनेट ही सार्वजनिक सेवा आहे हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. केंद्राने ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेसाठी तीन वर्षांत 6,000 कोटी रुपये मंजूर केले आणि 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके खुली केली. नियतकालिकांना पैसे मिळतात, मग ती उघडण्यासाठी लागणाऱ्या जोडणीला का नाही?

तोपर्यंत हाती असलेला डेटा वाया जाऊ देऊ नका. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, म्हणजे बहुतेक अपडेट आपोआप उतरणार नाहीत. अपडेट महाविद्यालयाच्या वायफायवर करा आणि क्लाउडची आपोआप होणारी नोंद थांबवा. मुलाखतीच्या वेळी फोन केबलने जोडा, बॅटरी उतरत नाही आणि जोडणी स्थिर राहते. मात्र खोलीत रेंजच नसेल तर फोन खिडकीत ठेवून वायफाय हॉटस्पॉट वापरा. हॉटस्पॉटवर जर्नल पैसे मागते, कारण त्याला तुमचे विद्यापीठ ओळखू येत नाही. इन्फ्लिबनेटच्या इन्फेड सेवेतून बाहेरूनही प्रवेश मिळू शकतो. ग्रंथपालांकडे त्याचे खाते मागा, लाजू नका, ते तुमच्या हक्काचे आहे.

आणि मागण्याही लेखी करा. शिष्यवृत्ती आणि स्वाधारमध्ये इंटरनेटचा वेगळा भत्ता हवा आणि तो दरवाढीशी जोडलेला हवा. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात, गावातल्या आणि वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत आणि बुद्धविहारालगतच्या वाचनालयात चालणारे वायफाय हवे. ऑनलाइन मुलाखत किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने जोडणी तुटल्यास पुन्हा संधी देण्याचा नियम आधी जाहीर करावा. मोबाइल इंटरनेट बंद केले तर त्या दिवसांच्या सर्व अंतिम तारखा आपोआप पुढे जाव्यात. तुमच्या वसतिगृहात वायफाय आहे का, किती वेगाचे आहे, त्यावर किती खर्च दाखवला आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचे शुल्क बहुतेक ठिकाणी दहा रुपये आहे, एका दिवसाच्या रिचार्जपेक्षा कमी.

आपल्या आईवडिलांनी आपल्याला शाळेपर्यंत पोचवले, पुढचा रस्ता आपण शोधला. आता आपल्या मागून येणाऱ्या धाकट्या भावंडांनी हॉटस्पॉटच्या भरवशावर पदवी काढू नये, एवढी तरी मागणी आपण आजच नोंदवू.

जय भीम!